पांढरा रंग कुठून आणायचा?

मॉडेल रॉकेटसाठी घरच्या घरी डेकल, म्हणजे अंगावर चिकटवायची चित्रं आणि अक्षरं, करायचे म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न कागदाचा असतो. कुठला घ्यावा, कुठे मिळतो, केवढ्याला पडतो. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं सोपी आहेत. खरी अडचण दुसरीच आहे: घरातला किंवा ऑफिसातला साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्याच्या दृष्टीने पांढरं म्हणजे कोरा कागद. डेकलचा कागद पारदर्शक असला, तर जिथे पांढरं हवं तिथे काहीच उमटत नाही आणि खालचा रंग दिसत राहतो. या छंदातल्या माणसांनी आजवर ज्या युक्त्या शोधल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या एका उणिवेवर मात करण्यासाठी आहेत. म्हणून सगळ्या पद्धती तपासताना मी हाच धागा धरणार आहे.

हा छंद मूळचा अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावचे ऑरव्हिल कार्लाइल यांनी 1954 मध्ये पुठ्ठ्याच्या नळीचं, छोट्या मोटरवर उडणारं आणि पॅराशूटने परत येणारं रॉकेट तयार केलं. 1958 च्या सुमारास कोलोरॅडोत व्हर्न एस्टेस यांनी अशा मोटर झपाट्याने बनवणारं यंत्र उभं केलं आणि पुढे त्यांच्या कंपनीची किटं घराघरांत पोचली. किटमध्ये नळी, बाल्साचे पंख, टोक, पॅराशूट आणि डेकलचा एक कागद. हा कागदच सगळ्यात आधी दगा देतो. जुन्या किटातले डेकल पिवळे पडतात, पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होतात आणि किट बंद झालेलं असेल तर दुसरा कागद मिळत नाही. काहींना आवडतं रॉकेट दुप्पट आकारात बनवायचं असतं, त्या मापाचे डेकल कुणीच छापत नाही. आणि काहींना अशा खऱ्या रॉकेटची प्रतिकृती करायची असते, ज्याचं किटच बाजारात नाही. घरगुती डेकलचं सगळं शास्त्र या तीन गरजांतून वाढलं.

पाण्याने सरकणाऱ्या डेकलची रचना समजली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. सगळ्यात खाली शोषक कागद. त्याच्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा, बहुधा डेक्स्ट्रिनचा थर. त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. कागद भिजला की डिंक सुटतो, पापुद्रा चित्रासकट सरकतो आणि नव्या जागी तोच डिंक त्याला धरून ठेवतो. च्युइंगगमच्या वेष्टनात मिळणारे टॅटू आठवत असतील तर फरक लक्षात घ्यावा: ते उलटे छापलेले असतात आणि पालथे दाबायचे असतात, डेकल सुलटा छापतात आणि सुलटाच सरकवतात. जुन्या सिंगर शिलाई मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी हीसुद्धा डेकलचीच कारागिरी.

आता प्रिंटर. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते आणि डेकल पाण्यात बुडवायचा असतो. त्यामुळे छापलेल्या कागदावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे थर द्यावे लागतात. इथे घाई करणाऱ्याचं काम हमखास बिघडतं. दोन-तीन हलके फवारे, मध्ये पुरता वाळायला वेळ, हाच मार्ग. एकच दाट थर मारला तर शाई तिथेच पसरते आणि वाळल्यावर पापुद्रा जाड, कडक होतो. नळीच्या गोलाईवर बसायच्या ऐवजी त्याची कड उभी राहते. फवारा कमी पडला तर पाण्यात टाकल्याबरोबर कडेने रंगाचा धूर निघाल्यासारखा दिसतो आणि तो डेकल गेलाच. इंकजेटची दुसरी मर्यादा कमी बोलली जाते. त्याचे रंग पारदर्शक असतात. पिवळा तारा लाल नळीवर लावला की लालातच विरून जातो, निळ्यावर हिरवट दिसतो. रंग कागदावर झळझळीत दिसला म्हणून फसू नये; त्याच्या मागचा पांढरा कागद नंतर राहणार नसतो.

लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, उष्णतेने वितळवून चिकटवलेली. तिला पाण्याचं भय नाही. न फवारताही असा डेकल पाण्यात टाकता येतो, तरी ओरखड्यांपासून वाचवायला वरून एक हलका थर द्यावा. रेघा आणि अक्षरं इंकजेटपेक्षा कापल्यासारखी स्वच्छ येतात. मोठे काळे पट्टे मात्र लेझरवर छापू नयेत. भरीव काळ्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि पांढऱ्या नळीवर ती चांदण्यांसारखी चमकतात. काळा पट्टा रंगानेच द्यावा, डेकल अक्षरांसाठी ठेवावा.

कागद घेताना तो कुठल्या प्रिंटरसाठी आहे हे पाहूनच घ्यावा. लेझर प्रिंटरमध्ये टोनर वितळवणारा रोलर दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, आणि इंकजेटसाठीचा पापुद्रा त्या उष्णतेत वितळून रोलरला चिकटू शकतो. घरी लेझर नसतो तेव्हा आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तो चकचकीत कागद बोटांनी चाचपून मान हलवतो. त्याचं बरोबर आहे. मशीन त्याचं पोट आहे. कागदाचं पाकीट सोबत न्यावं, त्यावरचा लेझरचा उल्लेख दाखवावा, जाड कागदाच्या सेटिंगवर आणि हाताने एकेक कागद घालायच्या ट्रेमधून काढायला सांगावं. आधी त्याच फाइलची साध्या कागदावर एक प्रत काढून पट्टीने मोजावी. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं दोन-तीन टक्क्यांनी लहान होतं आणि ते घरी आल्यावरच कळतं.

हे झालं गडद अक्षरांचं. मूळ अडचण दोन रॉकेटांच्या तुलनेत स्पष्ट दिसते. सॅटर्न पाच हे चंद्रावर माणसं नेणारं रॉकेट घरगुती डेकलवाल्याला फार सोयीचं आहे. त्याच्यावरची ‘यूएसए’ आणि ‘युनायटेड स्टेट्स’ ही अक्षरं लाल आहेत आणि पांढऱ्या अंगावर आहेत. झेंड्यातलं पांढरंसुद्धा खालच्या पांढऱ्या रंगातून आपोआप मिळतं. पारदर्शक कागद आणि साधा लेझर, एवढ्यात काम होतं. याउलट एस्टेसचं ‘डेर रेड मॅक्स’ हे गाजलेलं रॉकेट घ्या. लाल-काळ्या अंगावर पांढरी कवटी आणि पांढऱ्या कडांचे क्रॉस. साध्या प्रिंटरवरून ही कवटी निघत नाही.

एकेकाळी यावर एक उत्तर होतं. जपानच्या आल्प्स कंपनीचे ‘एमडी’ मालिकेतले प्रिंटर शाईऐवजी मेणाच्या रंगीत फिती वापरत. त्यांत पांढरी फीत होती, सोनेरी-चंदेरीही होत्या. रंग अपारदर्शक, पाण्याला दाद न देणारे. छोट्या प्रमाणावर डेकल विकणाऱ्या अनेक कारागिरांचा धंदा याच यंत्रावर चालला. कंपनीने ते बनवणं थांबवलं, तेव्हा लोकांनी जुनी यंत्रं आणि फितींचे साठे जपून ठेवले. आज त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे. यंत्र बिघडलं की भाग मिळत नाहीत. त्या जागी आता पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आले आहेत, पण ते टी-शर्ट आणि पाकिटं छापणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहेत. एका कवटीसाठी कुणी ते विकत घेत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून छापून घ्यावं.

मग सामान्य माणसाने काय करावं? पांढरा डेकल कागद मिळतो, त्यात पापुद्राच पांढरा असतो. त्यावर पार्श्वभूमीचा लालही छापायचा आणि नळीच्या लालाशी जुळवायचा, असं पुष्कळजण सुचवतात. मला हा मार्ग पटत नाही. स्प्रेच्या डब्यातला लाल आणि टोनरचा लाल कधीच सख्खे भाऊ होत नाहीत. उन्हात नेलं की चौकोनी ठिगळ लांबून दिसतं. पांढरा कागद वापरायचाच असेल तर चित्राच्या अगदी कडेकडेने कापावं आणि कापलेल्या कडेची बारीक पांढरी रेघ त्याच रंगाच्या मार्करने झाकावी. कवटीसारख्या गोलसर आकाराला हे जमतं, बारीक अक्षरांना जमत नाही.

त्याहून चांगली युक्ती दोन थरांची आहे. कोऱ्या पांढऱ्या डेकल कागदातून फक्त पांढरा आकार, किंचित लहान कापून, आधी लावायचा. तो पुरता वाळला की त्याच्यावर पारदर्शक कागदावर छापलेलं रंगीत चित्र बसवायचं. दोन पापुद्रे एकमेकांवर येतात, जाडी थोडी वाढते, पण पिवळा पिवळाच राहतो. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: पांढरं रंगवूनच घ्यायचं. पूर्ण नळी आधी पांढरी करायची, पांढऱ्या जागा मास्किंग टेपने झाकायच्या, मग लाल मारायचा. पांढरा चौकोन, पांढरा पट्टा असल्या सरळ आकारांना याहून टिकाऊ काही नाही. टेप लावल्यावर त्याच्या कडेवर पुन्हा एक हलका पांढरा फवारा मारावा, म्हणजे टेपखाली शिरायचं ते पांढरंच शिरतं आणि लाल रंगाची कड धारदार येते.

आणि महाराष्ट्रात एक सोय हाताशी आहे. एकेकाळी दुचाकीची नंबरप्लेट करून देणारा, गाड्यांच्या काचांवर नावं लावणारा रेडियमवाला. त्याच्याकडचं कटर व्हिनाइलच्या रोलमधून हवा तो आकार कापतं आणि पांढरं व्हिनाइल त्याच्याकडे कायम असतं. फाइल वेक्टर स्वरूपात द्यावी, फोटो देऊ नये. फोटोवरून तो अंदाजाने आकार काढतो आणि कोपरे गोल होतात. व्हिनाइलची उणीव जाडीची. या कामात सर्रास वापरलं जाणारं ओराकल 651 हे साधारण 0.06 मिलिमीटर जाड आहे. लहान नळीवर त्याची कड बोटाला लागते. मोठ्या रॉकेटांवर ती कुणाला दिसत नाही आणि वेगात उडणाऱ्या मोठ्या रॉकेटांवर व्हिनाइलच जास्त भरवशाचं. लहान रॉकेटसाठी व्हिनाइलचा उलटा उपयोग करावा: अक्षर कापून काढून टाकायचं, उरलेली चौकट नळीवर लावायची आणि मधून पांढरा रंग फवारायचा. मग चौकट सोलून काढली की उरतं ते रंगाचं अक्षर, ज्याला जाडीही नाही आणि सुटण्याची भीतीही नाही.

हल्ली कॉफीचे मग आणि मोबाइल कव्हर छापणाऱ्यांकडे यूव्ही डीटीएफ नावाची छपाई आली आहे. तीत गोंद, पांढरा, रंग आणि वरचं वॉर्निश असे सगळे थर एकत्र असतात आणि फिल्मवरून दाबून उतरवायचे असतात. पांढऱ्याचा प्रश्न ती एका झटक्यात सोडवते. पण तिचा उठाव हाताला जाणवतो, त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतीसाठी मी ती घेणार नाही. मुलांच्या खेळायच्या रॉकेटसाठी जरूर घ्यावी. एखाद्या क्लबला किंवा शाळेला एकाच रॉकेटच्या पंचवीस-तीस प्रती हव्या असतील, तर लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर गाठावा. स्क्रीनची पांढरी शाई खरोखर अपारदर्शक असते. त्याच्या शाईतलं द्रावण पापुद्र्याला खात नाही ना, हे मात्र कागदाच्या कोपऱ्यावर आधी पाहून घ्यावं.

आता मापं. नळीला वेढा देणारा पट्टा करायचा तर व्यासाला 3.1416 ने गुणायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. एस्टेसची बीटी-60 नळी बाहेरून 41.6 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे वेढा 130.7 मिलिमीटर. पण प्राइमर आणि रंगाच्या थरांनंतर व्यास वाढतो, म्हणून रंगवलेल्या नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खरं माप घ्यावं आणि जोडावर अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावं. बीटी-80 नळीचा वेढा 207 मिलिमीटर भरतो. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, प्रिंटर कडेला जागा सोडतो, त्यामुळे तो पट्टा आडवा बसत नाही, पान फिरवून उभा छापावा लागतो. एक शतांश मापाच्या सॅटर्न पाचची नळी सुमारे 100 मिलिमीटरची. तिचा 314 मिलिमीटरचा वेढा ए-फोरच्या लांबीतही मावत नाही. तिथे दोन तुकडे करावेच लागतात, आणि जोड कुठे येईल हे चित्र काढतानाच ठरवावं. पंखाच्या रेषेत आला तर नजरेआड जातो.

खऱ्या रॉकेटवरची चित्रं हौसेखातर काढलेली नसतात, हे लक्षात ठेवलं तर मापं काळजीने घेतली जातात. जर्मनीच्या ए-फोर रॉकेटपासून सॅटर्नपर्यंत दिसणारे काळे-पांढरे चौकोन हे कॅमेऱ्यांसाठी होते: उड्डाणात रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं हे चित्रफितीवरून मोजता यावं म्हणून. चौकोन थोडा सरकला तर प्रतिकृती चुकीची ठरते. (त्याच ए-फोरच्या 3 ऑक्टोबर 1942 च्या पहिल्या यशस्वी उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या बुडाशी फ्रिट्झ लांगच्या ‘फ्राऊ इम मोंड’ या चित्रपटावरून चंद्रकोरीवर बसलेली स्त्री रंगवलेली होती; ती मात्र निखळ हौस.) नासाची बोधचिन्हंही काळाशी बांधलेली आहेत. 1959 चं निळं गोल चिन्ह, 1975 पासून लाल वळणदार अक्षरं, 1992 मध्ये पुन्हा गोल चिन्ह, आणि 2020 मध्ये अंतराळवीर घेऊन जाणाऱ्या फाल्कन 9 वर लाल अक्षरं परत. अपोलोच्या रॉकेटवर नासाची ही लाल वळणदार अक्षरं लावली तर जाणकार लगेच बोट ठेवतो. मापांसाठी पीटर ऑल्वे यांचं ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ हे रेखाचित्रांचं पुस्तक या छंदात प्रमाण मानलं जातं.

डेकल लावणं हे खरं कसबाचं काम. पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंगाच्या खरबरीत कणांत हवा अडकते आणि पारदर्शक पापुद्र्याखाली चंदेरी डाग दिसतो. हा डाग नंतर काढणं कठीण, म्हणून आधी ग्लॉसचा थर द्यावा, मॅट करायचं असेल तर शेवटी करावं. कोमट पाण्यात डेकल दहा-पंधरा सेकंद बुडवावा आणि बाहेर काढून टॉवेलवर ठेवावा. तरंगत ठेवला तर डिंक धुऊन जातो आणि नंतर कड सुटते. मिनिटभराने बोटाने हलकेच ढकलून पाहावं. पापुद्रा कागदावर सरकला तरच न्यावा, ओढू नये. नळीवर पाण्याचा थेंब पसरावा, त्यावर कागद टेकवावा आणि पापुद्रा धरून खालचा कागद काढून घ्यावा. आता तो पाण्यावर तरंगतोय; जागा सरळ करायला हीच वेळ. पटली की ओल्या मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी बाहेर काढावं, टिश्यूने टिपावं.

मायक्रोस्केल कंपनीचं मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही दोन द्रावणं यासाठी मिळतात. पहिलं सौम्य, त्यात ॲसिटिक ॲसिड असतं, ते डेकलखाली लावतात. दुसरं जहाल, ते पापुद्रा मऊ करतं, म्हणजे तो खाचाखोचांत बसतो. मायक्रो सोल लावल्यावर काही मिनिटं डेकल आक्रसून सुरकुततो. त्या वेळी पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो आणि बोट पुढे जातं. लावू नये. वाळताना तो स्वतःच ताणून सपाट होतो; मऊ असताना बोट लागलं तर फाटतो. घरी फवारलेल्या कडक पापुद्र्यावर हे द्रावण कमी चालतं, हेही लक्षात असू द्यावं.

शेवटचा पारदर्शक थर डेकलला वाचवतो. एवढंसं रॉकेटही सी वर्गाच्या मोटरवर ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातं, उतरताना मातीत आपटतं, गवतावरून फरफटतं. थर हलके द्यावेत आणि शक्यतो रंगाच्याच जातीचे. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुतू शकतो. आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. दमट हवेत लॅकर वाळताना पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि वर दुधट झाक येते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम पुढे ढकलावं. निकडच असेल तर पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी उरकावं.

अमेरिकेत मोटर खेळण्याच्या दुकानात मिळते; आपल्याकडे स्फोटकांविषयीचे नियम कडक असल्याने तसं नाही. तरीही डेकलची गरज आपल्याला जास्तच आहे, कारण इस्रोच्या रॉकेटांची प्रतिकृती करणाऱ्याला तयार डेकल क्वचितच मिळतात. चंद्रयान 3 घेऊन 14 जुलै 2023 ला निघालेलं एलव्हीएम 3 हे 43.5 मीटर उंच आहे आणि त्याचा मधला गाभा 4 मीटर व्यासाचा. साठाव्या हिश्शाने गाभा 66.7 मिलिमीटर येतो, बीटी-80 च्या 66 मिलिमीटरला जवळपास नेमका. उंची सुमारे 72 सेंटिमीटर. माप असं जुळून येणं दुर्मीळ असतं, ते सोडू नये. अंगावर काय लिहिलंय हे मात्र त्याच उड्डाणाच्या छायाचित्रावरून ठरवावं, कारण चिन्हं उड्डाणागणिक बदलतात. तिरंग्यातला पांढरा पट्टा पांढऱ्या अंगावर फुकट मिळतो. केशरी टोनरमध्ये मळकट येतो, म्हणून चार-पाच छटांची पट्टी छापून, पांढऱ्या रंगवलेल्या नळीच्या तुकड्यावर लावून त्यातली छटा निवडावी.

इस्रोच्या चिन्हात ‘इसरो’ ही देवनागरी अक्षरं आहेत, आणि देवनागरी छापताना एक काळजी जास्त घ्यावी लागते. दुसऱ्याच्या संगणकावर फाँट नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, शिरोरेषा मध्येच तुटते. इंकस्केपसारख्या प्रोग्राममध्ये अक्षरं आकृतीत बदलून घ्यावीत, शिरोरेषा एकसंध जोडावी, पीडीएफ करावी आणि ती शंभर टक्के मापावर छापायला द्यावी. एका कागदावर त्याच चिन्हाच्या तीन-चार प्रती बसवाव्यात. जागा रिकामी ठेवून कागद वाचत नाही, आणि लावताना पहिली प्रत फाटली तर दुसरी हाताशी असते.